हिपॅटायटिस बी पुन्हा उफाळते म्हणजे नेमके काय होते?

दवबिंदू
नमस्कार. विषय माझ्या मोठ्या बहिणीचा आहे, तिला विचारूनच लिहिते आहे.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी ताईचे एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आले होते. बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दिले गेले. ताईचे एसजीपीटी (यकृताची तपासणी) तेव्हा नॉर्मल होते. पुढे काही वर्षे ती तपासणीला जात होती, दर वेळी रिपोर्ट चांगला यायचा, मग हळूहळू जाणे सुटले. घरात सगळ्यांनी धरूनच चालले की ती कावीळ होऊन गेली.

आता गेल्या महिन्यापासून थकवा, भूक मेलेली, उजव्या बरगडीखाली जडपणा. एसजीपीटी चारशेच्या वर आणि व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) लाखांत. डॉक्टरांनी टेनोफोव्हिर ही विषाणूला दाबणारी गोळी सुरू केली आहे. डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर रांग असते आणि आम्हाला प्रश्न सुचतात ते घरी आल्यावर.

ही नवीन लागण आहे की जुनीच? बरी झालेली परत कशी आली? गोळी किती दिवस घ्यायची? आता लस देऊन उपयोग होईल का? ताई फार घाबरली आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहा.

तिरपा_कोन
हिपॅटायटिस बी एकदा होऊन गेली की आयुष्यभर प्रतिकारशक्ती मिळते. त्यामुळे परत होणे शक्य नाही. लॅबची चूक असणार. दुसरीकडे तपासा.

उंबर
+१. दोन लॅबचे रिपोर्ट जुळल्याशिवाय इतकी मोठी गोळी सुरू करू नये.

काचपट्टी
मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून लगेच लिहिते आहे. दवबिंदू, गोळी थांबवू नका.

तिरपा_कोन, तुमचे पहिले वाक्य खरे आहे, पण ज्यांच्या शरीरातून संसर्ग हटला त्यांच्यापुरते. मोठेपणी लागण झाली तर साधारण ९५ टक्के लोकांची प्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या आत विषाणूला आवरते. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर उलट होते, जवळजवळ ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. ताईंचे एचबीएसएजी वर्षांपूर्वी पॉझिटिव्ह होते. पुढे ते निगेटिव्ह झाल्याचा एक तरी रिपोर्ट आहे का? दवबिंदूंच्या लिहिण्यात फक्त एसजीपीटी नॉर्मल होते एवढेच आहे, आणि त्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

रिपोर्टमधली नावे एकदा समजून घेतली की डॉक्टरांशी बोलणे सोपे जाते.

एचबीएसएजी हे विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन. ते रक्तात आहे म्हणजे विषाणू आज शरीरात आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकले तर दीर्घकालीन संसर्ग म्हणतात.
अँटी-एचबीएस ही संरक्षण देणारी प्रतिपिंडे. लस घेतल्यावर किंवा आजार हटल्यावर तयार होतात. १० मिली-युनिट आणि त्यावर असली तर संरक्षण आहे असे धरतात.
अँटी-एचबीसी टोटल हे सगळ्यांत दुर्लक्षित. लसीने हे कधीच पॉझिटिव्ह होत नाही. ते पॉझिटिव्ह आहे म्हणजे खरा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला आहे किंवा अजून आहे.
एसजीपीटी (काही रिपोर्टांत एएलटी) हे यकृताच्या पेशी किती दुखावल्या आहेत ते सांगते. विषाणू आहे की नाही ते सांगत नाही.
एचबीव्ही डीएनए म्हणजे तुम्ही लिहिलेला व्हायरल लोड.

अजून एक. अँटी-एचबीसीचा आयजीएम हा भाग नव्या लागणीत वाढतो, पण जुना संसर्ग जोरात उफाळला तरी तो थोडाफार पॉझिटिव्ह येऊ शकतो. तेवढ्यावरून नवीन लागण असे ठरवू नये. जुने रिपोर्ट शोधा, खरे उत्तर तिथेच मिळेल.

मोरपंखी
काचपट्टी, हा प्रतिसाद जपून ठेवला. इतकी वर्षे आमच्या घरच्या रिपोर्टवर फक्त जाड अक्षरातले आकडे बघत होतो.

शांतनदी
मी पोटविकारतज्ज्ञ आहे, यकृताचे रुग्ण रोज पाहते. इथे कोणाचे औषध बदलणार नाही, ते ताईंच्या डॉक्टरांचे काम. पण 'परत कशी आली' हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते, म्हणून नीट लिहिते.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की पेशीच्या केंद्रकात आपल्या जनुकांचे एक बंद वर्तुळ करून ठेवतो. त्याला सीसीसी-डीएनए म्हणतात. त्यावरून नवे विषाणू तयार होत राहतात. आपली प्रतिकारशक्ती किंवा आपल्या गोळ्या हे नवे उत्पादन दाबून टाकू शकतात, पण ते वर्तुळ आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही औषधाने पूर्ण पुसता येत नाही. राखेखालचा निखारा म्हणतात तसा हा प्रकार आहे. रिपोर्ट वर्षानुवर्षे शांत असतो, आणि काहीतरी घडते.

काय घडते, ते फार महत्त्वाचे आहे. कधी काहीच बाहेरचे कारण नसते, विषाणू आणि प्रतिकारशक्ती यांच्यातला समतोल आपोआप बिघडतो. कधी चालू गोळी अचानक बंद केलेली असते. कधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झालेली असतात: केमोथेरपी, जास्त मात्रेत स्टेरॉइड, संधिवाताची काही इंजेक्शने. बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही एसजीपीटी उसळते. आणि कधी बीचा काही दोष नसून दुसरेच कारण वर चढलेले असते: हिपॅटायटिस ए किंवा ई, दारू, एखादे औषध, किंवा हिपॅटायटिस डी. हा डी विषाणू बीच्या कवचाशिवाय जगूच शकत नाही, त्यामुळे तो फक्त बी असलेल्यांनाच होतो आणि आजार झपाट्याने वाढवतो. ताईंची डीची प्रतिपिंडे एकदा तपासली आहेत का, हे विचारा.

ताईंच्या वर्णनावरून सगळ्यांत शक्य वाटते ते असे: लागण बालपणीची, मधली वर्षे शांत, आणि आता विषाणू पुन्हा सक्रिय. यात एक प्रकार मी नेहमी पाहते. विषाणूत बदल होऊन तो 'ई अँटिजेन' (एचबीईएजी) हे आपले एक प्रथिन बनवणे थांबवतो. रिपोर्टवर एचबीईएजी निगेटिव्ह येते, लोक आनंदतात, पण डीएनए वाढत असते. अशा रुग्णांत आजार वर-खाली होत राहतो. म्हणून एका नॉर्मल एसजीपीटीवर निश्चिंत होता येत नाही.

लसीबद्दल: ज्यांच्या रक्तात एचबीएसएजी आहे त्यांना लसीचा उपयोग नाही. लस घरातल्या बाकीच्यांना हवी.

आणि दवबिंदू, तुमच्या प्रश्नांत एक प्रश्न राहिला आहे. ताईंच्या मोठ्या मुलाची तपासणी झाली आहे का? तुमची? आईंची?

दवबिंदू
शांतनदी, मनापासून आभार. शेवटचे वाक्य वाचून पोटात गोळा आला. मोठ्याची तपासणी कधीच झालेली नाही. माझीही नाही. आईची तर नाहीच. उद्याच करतो.

धाकट्याला लस दिली होती, नंतर काही तपासले नाही. तपासायला हवे होते का?

शांतनदी
हो. बाधित आईच्या बाळाची सगळे डोस झाल्यावर, साधारण ९ ते १२ महिन्यांच्या वयात, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस तपासतात. राहून गेले असेल तर आता करा, उशीर झालेला नाही. पहिली लस २४ तासांच्या आत मिळाली हे फार चांगले झाले. हल्ली गरोदरपणी आईचा व्हायरल लोड दोन लाखांपेक्षा जास्त असेल तर तिलाही टेनोफोव्हिर देतात, त्याने बाळाचा धोका आणखी घटतो.

चक्रवाक
शांतनदींनी केमोथेरपीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. हे माझ्या वडिलांचे.

बाबांना लिम्फोमा झाला. उपचारात रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीच्या पेशींवर मारा करणारे औषध होते. सुरू करण्याआधी एचबीएसएजी तपासले, निगेटिव्ह आले, पुढे गेलो. केमो उत्तम झाली, स्कॅन स्वच्छ, आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकलेला. सगळे संपून काही महिने झाल्यावर बाबांचे डोळे पिवळे दिसायला लागले. एसजीपीटी हजारात, एचबीएसएजी पॉझिटिव्ह. कॅन्सरमधून वाचलेला माणूस यकृतामुळे आयसीयूत.

तेव्हा कळले की अँटी-एचबीसी कोणी केलेच नव्हते. बाबांना तरुणपणी कधीतरी हा विषाणू होऊन गेला असणार, वरवर हटलेला, एचबीएसएजी निगेटिव्ह. पण आत यकृतात होताच. रिटुक्सिमॅबने बी-पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, नावातला 'बी' वेगळा) पुसल्या आणि त्याला मोकळे रान मिळाले. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) या औषधावर हिपॅटायटिस बीबाबतचा सर्वांत ठळक चौकटीतला इशारा २०१३ मध्येच दिलेला आहे, हे नंतर वाचले. बाबा वाचले, एन्टेकॅव्हिर (हीसुद्धा बीला दाबणारी गोळी) चालू आहे. पण जे टाळता आले असते ते टळले नाही याचा राग अजून जात नाही.

कोणाच्याही घरी केमो, रिटुक्सिमॅब, अवयव प्रत्यारोपण, संधिवाताची बायॉलॉजिक इंजेक्शने यांपैकी काहीही ठरत असेल तर आधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल, दोन्ही मागा. स्वतःहून मागा.

काचपट्टी
चक्रवाक, वाचून वाईट वाटले. तुमचा शेवटचा परिच्छेद मला ठळक अक्षरात दिसायला हवा होता. अँटी-एचबीसी ही साधी, नेहमीची तपासणी आहे, रक्ताचा तोच नमुना पुरतो.

शांतनदी
चक्रवाक यांनी लिहिले तसेच होते. अशा रुग्णांत आम्ही केमोच्या आधीच प्रतिबंधक म्हणून एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करतो. रिटुक्सिमॅब असेल तर ते संपल्यावरही किमान वर्षभर, काही मार्गदर्शक सूचनांनुसार दीड वर्ष गोळी चालू ठेवतात आणि ती थांबवल्यावरही रक्त तपासत राहतात. कारण उसळी उशिरा येते.

हिपॅटायटिस सीच्या रुग्णांसाठीही हेच. सीवरच्या नव्या गोळ्या उत्कृष्ट आहेत, पण सी दबल्यावर बी उठू शकते. २०१६ मध्ये एफडीएने त्या गोळ्यांवरही चौकटीतला इशारा घातला.

तिरपा_कोन
काचपट्टी, चक्रवाक, दोघांचेही आभार. बाबांना उदंड आयुष्य लाभो. एक शंका. हटलेला विषाणूही यकृतात राहतोच, तर मग हटला असे म्हणायचे तरी कशाला? आणि आयुष्यभर गोळ्या हा प्रकार मला पटत नाही. औषध विषाणू मारत नसेल तर मूत्रपिंडे झिजवायची कशासाठी?

पानगळ
तिरपा_कोन, याचे उत्तर रुग्ण म्हणून मी देते. मला दीर्घकालीन बी आहे. सुरुवातीला लॅमिव्ह्युडिन होते. काही काळ छान चालले, मग व्हायरल लोड परत वर. विषाणूने त्या औषधाला दाद देणे बंद केले होते. तेव्हा माझ्यासारखे कितीतरी जण होते. नंतर टेनोफोव्हिर सुरू झाले आणि लोड जो खाली गेला तो आजतागायत वर आलेला नाही. फायब्रोस्कॅनवर यकृताचा कडकपणा सुरुवातीपेक्षा कमी झाला आहे. माझ्या डॉक्टरांनी दोन आलेख शेजारी ठेवून दाखवले, त्या दिवशी घरी येऊन मी शांत झोपले.

गोळी विषाणू पूर्ण घालवत नाही, पण त्याला शांत ठेवते आणि यकृताला सावरायला वेळ मिळतो. सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) आणि कॅन्सर यांचा धोका घटतो. मला हे पुरेसे कारण आहे. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन नियमित बघतात.

दवबिंदू, ताईंना सांगा, गोळीची वेळ कशाशी तरी बांधून टाकायची. माझी रात्री दात घासण्याशी बांधलेली आहे. संपायच्या आधी नवी बाटली घरात हवी. 'आता बरे वाटते' हे बंद करण्याचे कारण नाही, कारण या आजारात बरे वाटणे आणि बरे असणे यांचा फारसा संबंध नसतो.

शांतनदी
पानगळ यांनी लॅमिव्ह्युडिनबद्दल लिहिले ते बरोबर. पाच वर्षे एकटे घेतले तर साधारण ७० टक्के रुग्णांत विषाणू त्याला सरावतो. म्हणून आता ते पहिली निवड म्हणून देत नाहीत. आधी कोणतेही औषध न घेतलेल्यांत एन्टेकॅव्हिरला पाच वर्षांत सुमारे एक टक्क्यात प्रतिरोध दिसतो. लॅमिव्ह्युडिन घेऊन प्रतिरोध झालेल्यांत मात्र एन्टेकॅव्हिर लवकर फसते, त्यांना टेनोफोव्हिर बरे. टेनोफोव्हिरला आठ वर्षांच्या पाठपुराव्यातही प्रतिरोध आढळला नाही.

एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी घ्यायचे असते: जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी. हे रुग्णाला कोणी सांगत नाही आणि मग लोड का उतरत नाही म्हणून सगळे गोंधळतात. टेनोफोव्हिरचे दोन प्रकार आहेत. जुन्या टीडीएफने काहींची हाडे आणि मूत्रपिंडे यांवर परिणाम होतो. नव्या टीएएफमध्ये तो कमी आहे. वय जास्त, हाडे ठिसूळ, क्रिएटिनिन वाढलेले असे असेल तर डॉक्टर टीएएफ किंवा एन्टेकॅव्हिर निवडतात.

तिरपा_कोन, हटला असे म्हणतो कारण ज्याचे एचबीएसएजी गेले आणि गेलेलेच राहिले त्याला यकृत बिघडण्याचा धोका फार कमी उरतो. त्याला 'कार्यात्मक मुक्ती' म्हणतात. आजच्या सगळ्या संशोधनाचे ध्येय तेच आहे. गोळ्यांनी ती क्वचित मिळते, दर आठवड्याच्या पेग-इंटरफेरॉनच्या इंजेक्शनने थोड्यांना, आणि ४८ आठवडे ती इंजेक्शने सोसणे सोपे नसते.

गोळी थांबवण्याबद्दल: काही निवडक रुग्णांत, सिऱ्होसिस नसेल, लोड वर्षानुवर्षे शून्यवत असेल, तर देखरेखीखाली थांबवतात. काहींचे एचबीएसएजी त्यानंतर जातेही. पण ज्यांनी आपणहून बंद केली आणि यकृत निकामी होऊन आले असेही रुग्ण मी पाहिले आहेत. सिऱ्होसिस असलेल्यांनी तर हा विचारही मनात आणू नये.

उंबर
मी वर +१ दिला होता, तो परत घेतो.

एक विचारतो, रागावू नका. भुईआवळ्याने माझ्या ओळखीतल्या एकांची कावीळ गेली. त्याबद्दल कोणीच का बोलत नाही?

निळीशाई
उंबर, रागवायचे काय. भुईआवळ्यावर खरोखर अभ्यास झाला आहे. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक लहान चाचणी छापून आली, तिच्यात निम्म्याहून जास्त रुग्णांचे एचबीएसएजी गेल्याचे म्हटले होते. जगभर खळबळ झाली. त्या संशोधनात हिपॅटायटिस बीचा शोध लावणारे बरूक ब्लमबर्गसुद्धा होते. पुढे इतरांनी चाचण्या केल्या तेव्हा तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. म्हणजे आशा ठेवून तपासले आणि टिकले नाही.

ओळखीतल्यांची कावीळ गेली याचे कारण कदाचित असे असेल की मोठेपणीची ताजी कावीळ बहुतेकांची आपोआपच जाते. ती जाताना जे औषध हातात असते त्याला श्रेय मिळते.

ब्लमबर्गवरून थोडे अवांतर. हे गृहस्थ कावीळ शोधत नव्हतेच. माणसामाणसांतले रक्तप्रथिनांचे फरक अभ्यासत होते. एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तातले प्रथिन, अनेकदा रक्त घेतलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाच्या प्रतिपिंडांशी जुळले. म्हणून त्याचे नाव पडले ऑस्ट्रेलिया अँटिजेन. तेच आज आपण एचबीएसएजी म्हणतो. जुन्या रिपोर्टांवर अजूनही हे नाव दिसते, त्यामुळे तुमच्या आजोबांच्या फाइलमध्ये 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह' दिसले तर ते कधी परदेशी गेले होते का म्हणून शोधत बसू नका :) ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून तोच जागतिक हिपॅटायटिस दिन.

मोरपंखी
निळीशाई, अवांतर असले तरी आवडले.

काचपट्टी
भुईआवळ्याबद्दल माझे एवढेच: काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. काही वनौषधींनी स्वतःच एसजीपीटी चढते, आणि मग उसळी विषाणूची की काढ्याची हे ठरवणे अवघड होऊन बसते. नॉर्मल माणसाने गंमत म्हणून घेतलेला काढा वेगळा आणि उफाळलेल्या यकृतावर प्रयोग वेगळा.

अजून एक, लस घेतल्यावर लगेच एचबीएसएजी तपासू नका. लसीतले प्रथिन तेच असल्याने काही दिवस, अगदी अडीच आठवड्यांपर्यंत, ते पॉझिटिव्ह दिसू शकते. घाबरून आलेले लोक मी पाहिले आहेत.

शुभ्रवेल
मला औषधापेक्षा घराचे विचारायचे आहे. माझी भावजय पॉझिटिव्ह आहे. सासूबाईंनी तिची ताटवाटी वेगळी केली आहे. ती एकटी बसून जेवते. मला बघवत नाही. यात काही वैद्यकीय तथ्य आहे का? असेल तर मी गप्प बसेन, नसेल तर सासूबाईंशी बोलायचे आहे.

शांतनदी
काहीही तथ्य नाही. बोला, आणि माझा हा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवा.

हिपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला पसरते. एका ताटात जेवणे, मिठी, हस्तांदोलन, खोकला, शिंका, एकच संडास, यांतून पसरत नाही. आईने दूध पाजायलाही हरकत नाही.

सांभाळायचे ते असे: रेझर, टूथब्रश, नखे कापायचे साधन, कानातले, ग्लुकोमीटरची सुई वेगळी. जखम झाकून ठेवायची. सांडलेले रक्त ब्लीचने पुसायचे, कारण हा विषाणू शरीराबाहेरही निदान सात दिवस टिकतो. आणि घरातल्या प्रत्येकाने तपासून लस घ्यायची. सासूबाईंनी लस घेतली की त्या तिच्या शेजारी बसून निर्धास्त जेवू शकतात. आत्ताही जेवू शकतात.

पानगळ
शुभ्रवेल, तुम्ही बोलाच. मी त्या ताटावर जेवलेली आहे. आजारापेक्षा ते जास्त लागते.

शुभ्रवेल
पानगळ, शांतनदी... आज रात्रीच बोलते.

चक्रवाक
शुभ्रवेल, काय झाले ते सांगा.

दवबिंदू
सगळ्यांना पुन्हा नमस्कार. मधले प्रतिसाद ताईने स्वतः वाचले. पानगळ यांचा दात घासण्याचा उपाय तिने त्याच दिवशी सुरू केला.

जुनी फाइल सापडली. काचपट्टी म्हणाल्या तसेच निघाले. एचबीएसएजी कधीच निगेटिव्ह झाले नव्हते, प्रत्येक वेळी फक्त एसजीपीटी नॉर्मल होते. एचबीईएजी निगेटिव्ह, डीची प्रतिपिंडे निगेटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. (एचआयव्ही का करायची म्हणून ताई नाराज झाली होती. डॉक्टरांनी सांगितले की एचआयव्ही असेल तर एकटे टेनोफोव्हिर देऊन चालत नाही, तो विषाणू औषधाला सरावतो. मग पटले.) फायब्रोस्कॅनवर थोडा फायब्रोसिस (यकृताचा कडकपणा) आहे, सिऱ्होसिस नाही. पहिल्या महिन्यात एसजीपीटी निम्म्यावर आले.

भावोजी: लस कधीच झालेली नाही, एचबीएसएजी, अँटी-एचबीएस, अँटी-एचबीसी तिन्ही निगेटिव्ह. त्यांचा पहिला डोस झाला. धाकटा सुरक्षित आहे, प्रतिपिंडे भरपूर. मोठा मुलगाही निगेटिव्ह, पण प्रतिपिंडे नाहीत, त्याचाही कोर्स सुरू. मी निगेटिव्ह.

आई पॉझिटिव्ह आली.

तिला काहीही त्रास नाही. एसजीपीटी बावीस. आणि तिच्या संधिवातासाठी पुढच्या महिन्यात बायॉलॉजिक इंजेक्शन सुरू होणार होते. चक्रवाक, तुमच्या बाबांबद्दल वाचले नसते तर मी त्या डॉक्टरांना फोन केला नसता. इंजेक्शन सध्या थांबवले आहे.

आता आईचे काय करायचे? त्रास नाही, एसजीपीटी नॉर्मल, तरी गोळी लागेल का? ती म्हणते, 'इतकी वर्षे काही झाले नाही, आता कशाला.' आणि ताईला आपल्याकडूनच गेले म्हणून सारखी रडते.

चक्रवाक
दवबिंदू, हे वाचून बाबांनाही सांगितले. त्यांनी तुमच्या आईंना नमस्कार कळवला आहे.

निळीशाई
आईंना सांगा की त्या बाळंत झाल्या तेव्हा ही लसच नसेल किंवा सर्रास मिळत नसेल. पहिली लस १९८१ मध्ये आली, आणि घरोघरी पोचायला त्यानंतर कितीतरी वर्षे लागली. त्यांच्या हातात टाळण्यासारखे काहीच नव्हते.

शांतनदी
दवबिंदू, आईंना फोन केलात हे उत्तम.

एसजीपीटी बावीस म्हणजे शांत, पण आईंच्या बाबतीत तीन गोष्टी बघायच्या: व्हायरल लोड, फायब्रोस्कॅन, सोनोग्राफी. त्यांच्या वयात आणि इतक्या जुन्या संसर्गात यकृत आतून कडक झालेले असू शकते आणि एसजीपीटी तरीही नॉर्मल राहते. आणखी एक, स्त्रियांमध्ये एसजीपीटीची वरची मर्यादा एकोणीस धरावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लॅबच्या छापील मर्यादेत चाळीसपर्यंत चालते, म्हणून बावीस हिरवे दिसते. संघटनेने २०२४ मध्ये उपचाराचे निकष बरेच सैल केले आहेत, पूर्वी नुसते लक्ष ठेवू म्हणून सोडलेल्या अनेकांना आता गोळी मिळते.

पण आईंसाठी यातले बरेच आपोआप ठरेल. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि बायॉलॉजिक सुरू होणार, म्हणजे गोळी इंजेक्शनच्या आधी सुरू व्हायला हवी, लोड कितीही असो. दोन्ही डॉक्टरांचे आपसात बोलणे करून द्या. सांधे दुखत असताना आईंचे इंजेक्शन फार लांबवायचे नाही. गोळी सुरू झाली की बहुतेकदा तेही सुरू करता येते.

सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी, ताईंचीही आणि आईंचीही, तारखा आजच कॅलेंडरमध्ये टाका. या विषाणूत सिऱ्होसिस नसतानाही यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, आणि लहान असताना सापडला तर तो काढता येतो.

ताईंना पुढे कधीही डोळे पिवळे झाले, पोट फुगले, झोपेची वेळ उलटसुलट झाली किंवा बोलणे अडखळले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

शुभ्रवेल
शांतनदी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी आधी विचारले, ही डॉक्टरीण खरी आहे का. मग त्यांनी लस कुठल्या हाताला देतात ते विचारले. उद्या आम्ही तिघी जातो आहोत, तपासणीला.

काचपट्टी
शुभ्रवेल, दंडात देतात, सांगा त्यांना. तपासणीत एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी टोटल हे तिन्ही लिहून घ्या. लसीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांना. तिसऱ्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पुन्हा बघा, साठीनंतर काहींची प्रतिपिंडे कमी तयार होतात आणि मग कोर्स पुन्हा द्यावा लागतो.

दवबिंदू, आईंचा व्हायरल लोड आला की इथे लिहा.